फोनमधली मेंढरं

औंढ्याहून जवळा बाजारकडे जाताना जी वाडी लागते, परमेश्वर तिथला. घरी पिढीजात मेंढरं. वाडीतून शिकून पुण्याला गेलेला तो पहिलाच, आणि तिथे तो नेमकं काय करतो हे त्याला आईला कधी नीट सांगता आलं नाही. पंचफुलाबाई शेजारणींना सांगायची, की माझं पोरगं लेकरांना फोनात बक्षिसं वाटतं.

तसं ते खरंच होतं. लहान मुलांना वाचायला शिकवणारं ॲप त्याची कंपनी बनवत होती. मुलं चार दिवस हौसेनं धडे करत, मग फिरकत नसत. त्यांना रोज परत आणील असं बक्षीस शोधायचं काम परमेश्वरकडे होतं. चांदण्या देऊन झाल्या, नाणी झाली, मुकुट झाले. एका बैठकीत तो सहज बोलून गेला, की एक धडा वाचला की एक कोकरू द्यावं. मुलानं त्याला नाव ठेवावं, कळप वाढवत न्यावा. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचं गाव त्या खोलीत पहिल्यांदाच कामाला आलं होतं. त्या आनंदात तो आणखी पुढे गेला. मूल ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी लांडगा येईल आणि एक कोकरू नेईल. खालची ओळही त्यानंच लिहिली : 'तुझं लक्ष नव्हतं, म्हणून कोकरू गेलं.'

मुलं परत येऊ लागली. परमेश्वरचं नाव झालं.

गौरीगणपतीला त्यानं एक फोन घरी आणला, थोरल्या भावाच्या, संतरामदादाच्या दिपालीसाठी. तिसरीतली ही पोर जोडाक्षर आलं की अडखळायची, पुस्तक मिटून टाकायची. फोनवर मात्र ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागली. भुरी, काजळी, लांबकानी अशी तिच्या कोकरांना नावं पडली. आजी म्हणायची, ही पोर जेवताना बी मेंढरंच राखून राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत संतराम दरवर्षीसारखा मेंढरं घेऊन डोंगरकड्याकडच्या मोकळ्या रानात उतरला. दिपालीही आईबापासोबत गेली. तिकडे फोनला रेंज नव्हती, धडे उघडत नव्हते.

चंपाषष्ठीला परमेश्वर गावी आला, तेव्हा फोन कोठीमागे पडलेला होता. पंचफुलाबाईनं सांगितलं, की पोरीनं फोन सोडला, पुस्तक सोडलं, आणि आता खरी कोकरंही हातात घेत नाही. आजोबांना म्हणाली, माझ्याजवळ देऊ नका, माझं लक्ष राहत नाही.

परमेश्वरनं फोन चार्ज करून उघडला. कोकरं कोंडायची जाळीची वाघर पडद्यावर रिकामी होती. गेलेल्या प्रत्येक कोकरापाशी त्याची ती ओळ उभी होती. तो वाचत खाली गेला आणि मध्येच थांबला.

त्याच्या घरात प्रत्येक लेकराच्या नावाचं एक कोकरू असायचं. तो लहान असताना बाभळीखाली झोपून गेला आणि त्याचं कोकरू लांडग्यानं नेलं. बाप, नामाजी, शोधत आला. काय झालं ते त्यानं बघितलं, पोराशेजारी टेकला आणि म्हणाला, "रानानं नेलं." बस, एवढंच. राखणीला कोण होतं, हे वाडीतली म्हातारी माणसं लेकरांना कधी विचारत नसत. परमेश्वरला हे ठाऊक होतं. कुणी शिकवावं न लागता ठाऊक होतं. मेंढरं त्यानं पुण्याला नेली आणि ही रीत मात्र इथेच ठेवून गेला.

त्यानं ऑफिसात फोन लावला. दुपारपर्यंत सगळी कोकरं नावांसकट वाघरीत परत आली. त्यानं दिपालीला हाक मारली, फोन पुढे केला.

तिनं बराच वेळ बघितलं. "ही माजी न्हाईत."

"तुझीच हायेत की. ही बघ भुरी."

"भुरी मेली ना, काका."

हे खोटं असतं, चित्रं असतात, मीच बनवलंय हे सगळं, असं तो समजावू लागला. दिपालीनं मान वर केली.

"लांडगा बी तुमीच सोडला व्हता?"

"व्हय."

"काहून?"

पुण्यात याचं उत्तर तयार होतं. त्यानं ते भिंतीवर आकडे दाखवत, न अडखळता कितीदा तरी दिलं होतं. इथे ओट्यावर, तिच्यासमोर, ते ओठांवर आणायची त्याला लाज वाटली. दिपालीनं फोन त्याच्या मांडीवर ठेवला, उपडा, आणि चुलीपाशी आजीजवळ जाऊन बसली.

तो उरलेले दोन दिवस गावी होता. दिपाली त्याच्याशी बोलली, त्याला पाणी आणून दिलं, भंडाराही लावला. वाचून दाखव म्हणायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.