चकती राहिलेला खांब

आमच्या थोरल्या भावजींना सगळे मिलीमीटर म्हणायचे. लोखंड कातायच्या लेथवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना सगळं जग मापातच दिसायचं. जाऊबाईंनी खिडकीला पडदा लावला की हे लांबून बघणार आणि म्हणणार, डावीकडे दोनने उतरलाय. जाऊबाई म्हणायच्या, अहो, पडदा आहे तो, विमानाचा पंखा नाही.

भावजी कॉलेजातल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. तिथे काचेचा लांबलचक पाट होता, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यातून पाणी सोडायचं, मधे गोल खांब उभा करायचा आणि लाल रंगाची बारीक धार सोडून खांबामागे पाणी कसं वळतं ते बघायचं. पूल, धुरांडी बांधायच्या आधी हे बघावं लागतं म्हणे. खांब उंच असला की मागचं पाणी एकदा डावीकडून गुंडाळी घेतं, एकदा उजवीकडून, परत डावीकडून. अगदी वेणी घातल्यासारखं. ते बघताना भावजींना डबा खायचंही भान राहायचं नाही.

त्या वर्षी तिथल्या एका मॅडमना बुटके खांब हवे होते. दोन बोटं जाड, चार बोटं उंच, वर बक्कळ पाणी. भावजींनी काळ्या नायलॉनचा खांब कातून दिला. पाण्यात उभा केला, तर वेणी पडेचना. मागे नुसती लाल गिचमिड. मोठे सर आले, वाकून बघितलं न बघितलं, आणि म्हणाले की खांब वाकडा कातलाय. वर्कशॉपच्या वहीत भावजींच्या नावापुढे लिहून मोकळे झाले, 'काम सदोष'. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि छत्तीस वर्षांत असा शेरा कधी पडला नव्हता.

भावजी घरी आले ते तोंड पाडूनच. जाऊबाईंनी मुद्दाम जाऊन पडदा वाकडा केला, तरी मान वर केली नाही, तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी भावजींनी खांब परत मापला. केसाचाही फरक नाही. तरी दुसरा कातला. तोही तसाच, वेणी नाहीच, आणि वहीत आणखी एक 'काम सदोष'. मग माणूस आतून खचला. हात थरथरतो की काय, नजर गेली की काय, नाही नाही ते मनात यायला लागलं. सर म्हणाले, आता बाहेरून करून घेऊ. भावजींनी आणखी एकच खांब कातायची परवानगी मागून घेतली.

आता लेथवर असं असतं, की जाड कांब कातताना एका टोकाला रुंद चकती तशीच ठेवतात, पकडीत धरायला. काम झालं की ती कापून टाकायची. भावजी दहा वेळा जाडी मापत बसले आणि चकती कापायचीच राहिली. मॅडमना वाटलं, यांनी काही विचार करूनच ठेवली असणार. त्यांनी चकती वर ठेवून खांब तसाच पाण्यात बसवला.

आणि वेणी पडली. डावी, उजवी, डावी.

सर वरून बघत होते, त्यांना चकती म्हणजे खांबाचं डोकंच वाटलं. म्हणाले, मनावर घेतलं की जमतं बघा, आणा ती वही, चांगला शेरा देतो. भावजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. सवयीने ते गुडघ्यावर बसले, बाजूच्या काचेतून बघायला. बघतात तर चकती.

गप्प बसले असते तर कोणी विचारलं नसतं. वही आली होती, पेन सरांच्या हातात होतं.

"सर, हा खांब चुकलाय," भावजी म्हणाले. "पहिले दोन बरोबर होते."

सर हसले. चुकलेला चालतो आणि बरोबर असलेला चालत नाही, हे कसं काय?

"पहिला परत लावा. आणि रंग त्याच्या डोक्यावर सोडा."

मॅडमनी सोडला. लाल धार खांबाच्या डोक्यावरून पुढे गेली आणि मागच्या बाजूने घसरत खाली आली, थेट दोन्ही पेडांच्या मधे. वेणी घालताना कोणी मधेच हात घालावा, तशी. उंच खांबाला वरचं पाणी एवढं खालपर्यंत पोचत नाही. बुटक्याचं डोकंच जवळ, त्यामुळे पेड पडायच्या आतच सुटतात. चकतीने ते पाणी वरच अडवलं होतं.

मॅडम तर खुर्ची ओढून काचेला नाक लावूनच बसल्या. मग सरांनी स्वतःच्या हाताने आधीचे शेरे खोडले आणि वही मिटायला लागले. भावजींनी वहीवर बोट ठेवलं.

"तिसऱ्यापुढे लिहायचं राहिलं."

"काय लिहू?"

"काम सदोष. चकती कापायची राहिली."

सर नको म्हणत होते. हे हलेनात. शेवटी सरांनी लिहिलं.

संध्याकाळी भावजी घरी आले आणि चपला न काढताच खिडकीसमोर उभे राहिले. पडदा जाऊबाईंनी तेव्हापासून तसाच ठेवला होता.

"तीनने उतरलाय," ते म्हणाले.

जाऊबाई आत गेल्या आणि त्यांना चढायला स्टूल घेऊन आल्या.