फॉरवर्डचा बांध

कर्जतच्या स्टेशनात आजवर हजारो गाड्या थांबल्या असतील, पण आमच्या फॉरवर्डइतका हट्टी माणूस त्यांतल्या एकीतूनही उतरला नसेल. आणि उतरला असलाच, तर तो माझ्या खाणावळीत जेवला नाही, एवढं मी खात्रीने सांगते. खुद्द फॉरवर्ड गाडीने आला नव्हता. चौक गावाजवळच्या आपल्या खेड्याहून तो सायकलवर आला, रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, जेवायला काय हाय त्ये नंतर सांगा. आदी सांगा, हितं मैदान कुटं हाय?" माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान असलेल्या गड्याने मला मावशी म्हणावं, याचा मला राग आला होता. पण यजमान गेल्यावर स्टेशनामागे खाणावळ काढली तेव्हाच मी ठरवलं होतं, की जो वेळेवर जेवतो आणि ताटात टाकत नाही, त्याने मला आजी म्हटलं तरी चालेल.

त्याचं खरं नाव शेडच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी तो फॉरवर्ड. लढाईचे दिवस होते, रेशनच्या तांदळात खडे जास्त की तांदूळ जास्त याची मला रोज काळजी, आणि हा पंगतीत बसला की पहिल्यांदा ताटाचं मैदान करायचा. भाकरी म्हणजे गोल. बोंबील म्हणजे समोरचे फुलबॅक. कांद्याची फोड म्हणजे बॉल. कांदा बोंबलांमधून वळवत वळवत भाकरीत गेला, की मग घास. शेजारचा फिटर म्हणायचा, "अरे, आमटी निवाली तुजी." यावर हा म्हणे, "निवू दे. ऑफसाइड व्हती." घरातल्या वस्तूंनाही त्याच्या पायांपासून सुटका नव्हती. एकदा सणाला त्याला नारळ आणायला पाठवलं, तर बाजारपेठेतून माझ्या दारापर्यंत त्याने तो पायानेच आणला. देवापुढे फोडण्याचा प्रश्नच उरला नाही, तो वाटेतच फुटला होता. मी त्याला त्या दिवशी आमटीत खोबरं वाढलं नाही. त्यानेही मागितलं नाही. माणूस सरळ होता.

तो खेळायचा अनवाणी. आमच्याकडचे सगळेच तसे खेळत, पण याचे तळवे भाताच्या धसकटांवर घडलेले होते. माझ्या चुलीतला निखारा उडाला तर तो पायाने विझवी आणि बोलत राही. शेडच्या टीमचा कप्तान एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होता. मोठा भला माणूस. त्याने स्वतःचे जुने बूट याला दिले. फॉरवर्डने ते एकदा घातले, चिखलात रुतलेल्या रेड्यासारखा माझ्या अंगणातून एक फेरी मारली, काढले, पुसले आणि फळीवर मांडून ठेवले. महिन्याभरात डाव्या बुटात माझ्या कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली. कप्तानाने विचारलं, की बूट कसे आहेत, तर हा म्हणाला, "एकदम फस क्लास सायेब. रोज उपेग होतो."

आता त्याच्या खेळाबद्दल. आमच्या लाईनीवरच्या शेडांची एक लीग होती. तिच्यात वरचा विभाग आणि खालचा विभाग. कर्जतची शेड खालच्या विभागात, आणि खालच्या विभागातसुद्धा खालून शोधायला लागलं तर लवकर सापडणारी. या टीमचा हा फॉरवर्ड. पळायला हरणासारखा, अंगात दम असा की दुसरे खेळाडू जीभ बाहेर काढून बसले तरी हा उभा. आणि गोल? एकही नाही. सगळ्या गावाने ज्याला फॉरवर्ड म्हणावं, त्याने शेडसाठी एकही गोल मारलेला नव्हता. कारण तो बॉल घेऊन सुटला, की मैदानाच्या बरोबर मध्यावर येऊन उडी मारायचा. पुढे कुणी नसे, काही नसे. पायाच्या अंगठ्याने बॉल उचलून पुढे टाकायचा, दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन स्वतः उडायचा, आणि खाली येताना धडपडायचा. तोवर समोरचा खेळाडू बॉल घेऊन शांतपणे निघून गेलेला असे. लोक ओरडत, "काय रं फॉरवर्ड, साप दिसला का?" कप्तान डोक्याला हात लावायचा. "दौड़ता अच्छा है, पर बीच में कूदता क्यों है?"

या उडीचं कारण मला ठाऊक होतं, कारण एकदा तांदूळ पाहायला मी त्याच्या गावी गेले होते. भात कापून झालं की आमच्याकडे शेत सगळ्या गावाचं. गुरं चरतात, पोरं खेळतात. त्याच्या गावातलं मैदान म्हणजे दोन खाचरं, एक याच्या बापाचं आणि पलीकडचं चुलत्याचं. मध्ये बांध. चुलत्याचं खाचर हातभर खाली. बापात आणि चुलत्यात त्याच बांधावरून बोलणं बंद झालेलं, म्हणजे बांधाचं ढेकूळ हलवणं दूरच, त्याच्यावर कुणी पाय ठेवला तरी काठी निघायची. तेव्हा पोरं बांधाला न शिवता खेळायला शिकली. बॉल अंगठ्याने उचलून पलीकडे टाकायचा आणि त्याच्यामागे आपण उडायचं, हातभर खाली उतरायचं. हा तिथे चालायला लागल्यापासून खेळला. मैदानाच्या मध्ये बांध नसतो, हे त्याच्या डोक्याला कळलं होतं. पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

एके वर्षी, लढाई संपायच्या सुमाराला, कप्तानाने त्याला स्पष्ट सांगितलं: हंगामातला शेवटचा सामना शिमग्याआधी इथे कर्जतलाच आहे, त्यात गोल झाला नाही तर जर्सी परत करायची. त्या दिवशी पंगतीत त्याने कांद्याला हात लावला नाही. मला उपाशी माणसाला धीर देत बसायचा कंटाळा आहे, म्हणून मी विचारलं, "उडी जात नाही ना?"

"नाय जात, मावशी."

"मग तिला जाऊ नको म्हणावं. जिथे उपयोगी पडेल तिथे ती न्या. मध्यावर फुलबॅक नसतो. तो गोलपुढे असतो ना?"

त्याने ताट पुढे ओढलं. मी काही फार मोठं बोलले नव्हते. तवा चुलीवर येत नसेल तर चूल तव्याकडे न्यावी, एवढंच. त्याने आधी इथल्या मैदानात गोलपुढे मातीचा ढीग करून पाहिला. दोन दिवसांत म्हणाला, "त्यो ढिगारा हाय. बांध नाय. पायांना वळकू येतं." तेव्हा ठरलं, की गावातला बांध आहे तिथेच राहील आणि गोल उचलून बांधापलीकडे, चार पावलांवर येईल. अडचण एकच. बांधापलीकडची जमीन चुलत्याची, आणि लढाईपासून चुलता तिथे भातामागे वाल पेरत असे.

आता ज्याच्याशी बोलणं बंद, त्याला विचारायचं कसं? फॉरवर्ड आपल्या बाजूला उभा राहिला आणि बैलाला म्हणाला, "ढवळ्या, त्या अंगाला दोन बांबू रवायचे व्हते रं. सुटीच्या दिवसापुरते."

चुलता पलीकडे बसला होता. तोही बैलालाच म्हणाला, "ढवळ्या, त्याला इचार, वालाचं काय करू? डोक्यावर पेरू?"

"ढवळ्या, कोपरा सोडला तरी पुरंल म्हनावं."

"आनि बांधाचं एक ढेकूळ हाललं तर तंगडी तोडीन म्हनावं."

हे सगळं फॉरवर्डने मला, मी वाढत असताना सांगितलं. मी म्हटलं, की मग नाहीच म्हणाला म्हणायचा. तो म्हणाला, "नाय नाय, तंगडी तोडीन म्हनला. म्हंजी खेळ म्हनला." आणि खरंच, त्या साली चुलत्याने कोपराच काय, आख्ख्या खाचरात वाल टाकला नाही. लोकांनी विचारलं तर म्हणे, जमिनीला इसावा. त्या टंचाईच्या दिवसांत जमिनीला विसावा देणारा दुसरा शेतकरी मी खालापूर तालुक्यात पाहिला नाही.

मग प्रत्येक सुटीला फॉरवर्ड सायकल मारत गावाला. चुलता बांधावर काठी घेऊन राखणीला बसलेला. हा पळत यायचा, बॉल अंगठ्याने उचलायचा, उडायचा, आणि पाय बांधाला लागतो की काय अशी शंका आली, की चुलत्याची काठी नडगीवर. मी वालासाठी म्हणून एकदा गेले (वाल नव्हताच, पण बघायला गेले असं कशाला म्हणायचं), तेव्हा त्याच्या दोन्ही पायांवर वळ होते. "अहो, लागतंय त्याला," मी म्हातार्‍याला म्हटलं. तो म्हणाला, "बाई, मी बांध राकतोय. त्यो मधी येतोय त्याला मी काय करू?" पण माझ्या लक्षात आलं, की काठी दर वेळी थोडी वर येत होती, आणि फॉरवर्ड दर वेळी थोडा वर जात होता. हिवाळा संपता संपता तो काठीवरून उडून, बॉल हवेत असतानाच त्याला लाथ घालून, बांबूंच्या मधून मारायला लागला. मग हातभर खाली अलगद उतरायचा. मांजरासारखा.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी दुपारची खाणावळ लवकर आटपली. घाटावरच्या शेडची टीम आली होती. त्यांचा एक फुलबॅक होता, दरवाजाएवढा, पायात बूट, आणि बुटांना पाय मोडायची सवय असावी असं दिसत होतं. आमची टीम जिंकली काय आणि हरली काय, तळाशीच राहणार होती. म्हणून सगळे एकच गोष्ट बघायला आले होते. मैदानाच्या कडेला, सगळ्यांपासून दूर, काठीवर हनुवटी टेकून चुलता उभा होता. मी विचारलं, "पुतण्याचा खेळ बघायला आलात?" तो म्हणाला, "कोन पुतन्या? मी बाजाराला आलोय." त्या दिवशी बाजार नव्हता.

पहिल्या अर्ध्या वेळात फॉरवर्डकडे बॉल आलाच नाही. दुसर्‍यात आला, आणि तो सुटला. मध्य जवळ आला तसे लोक ओरडायला लागले, "आता! आता उडंल!" तो उडाला नाही. मध्य ओलांडला. कप्तान मागून काहीतरी ओरडत होता. तो दरवाजाएवढा फुलबॅक पुढे आला आणि त्याने बुटाचा पाय आडवा घातला, थेट नडगीच्या उंचीवर. मी चुलत्याकडे पाहिलं. त्याची काठी आपोआप वर उचलली गेली होती. फॉरवर्डने अंगठ्याने बॉल उचलला, गुडघे पोटाशी घेतले आणि त्या बुटावरून तो असा गेला, की खाली त्या माणसाला नुसता वारा लागला. बॉल हवेत होता, तसाच त्याने मारला. गोलकीपर वळून बघेपर्यंत बॉल आत.

मग तो खाली आला. हातभर आधी. पाय अजून उतरण्याच्या तयारीत नव्हते आणि जमीन समोर आली होती. सरळ ठेवलेल्या गुडघ्यावर सगळा भार पडला. तो आवाज मला कडेला ऐकू आला.

लोक नाचत होते, म्हणून त्यांच्या लवकर ध्यानात आलं नाही. चुलता काठी टाकून धावत सुटला. पंच शिट्ट्या वाजवून त्याला बाहेर काढत होता, पण म्हातारा कुणाचं ऐकतोय! तो पुतण्याजवळ बसला. आजूबाजूला बैल नव्हता. इतक्या वर्षांनी तो सरळ त्याच्याशीच बोलला. "बगू दे रं पाय."

फॉरवर्ड घामाने निथळत होता, आणि हसत होता. "काका," तो म्हणाला, "जमीन लवकर आली."

त्या गुडघ्याने तो पुन्हा खेळला नाही. शेडमधल्या चढउतारालाही पाय साथ देईना, म्हणून नोकरी सोडून गावी गेला. जर्सी परत करायला आला तेव्हा कप्तानाने ती घेतली नाही. पुढे तो कप्तान विलायतेला गेला, आमची शेड खालच्या विभागातच राहिली, आणि कोंबडी बुटात. त्याच्या नावावर एक गोल आहे. वरच्या विभागात खेळलेल्या किती जणांचे गोल मोजले जातात मला माहीत नाही, पण हा एक अजून सगळ्या कर्जतला पाठ आहे.

परवा तांदूळ घ्यायला मी त्याच्याकडे गेले होते. म्हातारा चुलता गेल्या साली गेला, बाप त्याआधीच. त्याला मूलबाळ नव्हतं, दोन्ही खाचरं आता फॉरवर्डचीच. बांबू होते तिथेच होते, पोरं अनवाणी खेळत होती, आणि फॉरवर्ड पाय लांब करून बांधावर बसला होता. हातात चुलत्याची काठी. एका पोराचा पाय बांधाला घासला, तशी काठी सपकन गेली. "तंगडी तोडीन! वर उड, वर!"

मी व्यवहाराचं बोलले. "दोन्हीकडची जमीन तुमचीच. बांध काढा, एक सलग शेत करा. भात जास्त येईल."

"बराबर हाय, मावशी," तो म्हणाला. मग पुढच्या पोरासाठी काठी वर धरत म्हणाला, "पन बांध काडला तर उडी कुटं शिकतील?"

तांदळाची पिशवी जड होती. मी म्हटलं, येते. वाट पलीकडून होती. बांधाला पाय न लावता, पदर खोचून, वयाला जमेल तेवढी उंच ढांग मी टाकली. पलीकडची जमीन हातभर उशिरा आली.