डॉकवरचे आयकॉन पळतात

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाला आयकॉनची जी पट्टी आहे तिला डॉक म्हणतात. माझा कॉम्प्युटर लिनक्स सिस्टिमवर चालतो, तिच्यात ही पट्टी आपल्याला हवी तशी करून घेता येते, आणि मी ती तशी करून घेतली होती. डावीकडून पहिलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, मग ड्रॉइंगचं फोल्डर, मग कॅल्क्युलेटर, मग मेल. गाणी, खेळ, बातम्या असला फाफटपसारा मी सुरुवातीलाच काढून टाकला. उद्यमनगरात फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपला नोकरीत होतो तेव्हा माझ्या टेबलावर मापाचा व्हर्नियर उजव्या हाताला आणि काटकोनाचा गुण्या डाव्या हाताला असायचा. कुणी त्यांची अदलाबदल केली तर मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचो. डॉकचंही तेच. न बघता हात गेला तरी वस्तू जागेवर सापडली पाहिजे.

नोकरी संपली तरी काम संपलं नव्हतं. लोखंडाचं ओतकाम करायला आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो, त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो, आणि पॅटर्न करायला ड्रॉइंग लागतं. आमच्या जुन्या फाउंड्रीची ड्रॉइंगं मी घरी बसून काढतो आणि मेलनं पाठवतो. घर काही त्याच्यावर चालत नाही. पण ते आहे म्हणून सकाळी उठून दाढी करावीशी वाटते. ते गेलं तर मी रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून लोकांच्या गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐकत बसणार, आणि त्या विचारानंच मला धडकी भरते.

तर एक दिवस कॅल्क्युलेटर नाहीसा झाला. मी आयकॉन दाबला, तो जागेवरून उचलला गेला, धुराचा एक बारीक भपकारा निघाला आणि खलास. मी तो शोधून पुन्हा पट्टीवर बसवला. दुसऱ्या दिवशी मेल गेली. मग एकदा ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरच पळालं, तेही फाउंड्रीवाले फोनवर फोन करत असताना. डोक्यात अशी तिडीक गेली!

पहिला संशय अर्थातच बायकोवर.

"तू कॉम्प्युटरला हात लावलास काय गं?"

"मी कशाला हात लावतो? धूळ पुसतो नुसती, ती बी बंद असताना," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तुमच्या त्या पट्टीत हाय काय मला न्यायासारखं?"

मग संशय नव्या अपडेटवर गेला. मी डॉकच्या सेटिंगचं अख्खं फोल्डर पुसून टाकलं, म्हणजे सगळं कोरं होऊन नीट होईल. नीट कसलं? कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर एकावर एक असे दोन डॉक हजर! एकाला दाबावं तर दुसराच पुढे यायचा. त्यातला एक बंद केला तर उरलेल्याच्या मागे काळीकुट्ट पट्टी आली. ती काळी पट्टी घालवायला मी आणखी काहीतरी बदललं, तर पडद्यावरच्या खिडक्यांच्या सावल्या गेल्या आणि डॉक सगळ्यांच्या खाली जाऊन दडून बसला. दोन दिवस माझं हेच चाललं होतं. जेवताना मी बायकोला सगळं सविस्तर सांगायचो आणि ती मला भाकरी वाढायची.

शेवटी सगळं पूर्ववत केलं. माउस जवळ नेला की आयकॉन फुगायचे, मला ते आधी फार आवडायचं. पण आता ते नुसते नाचत होते, म्हणून तो फुगवटा बंद केला. आयकॉन मोठे केले. अंतर वाढवलं. तरी पळायचे ते पळतच होते.

मग मी लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर गेलो. माझं इंग्रजी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सूचना लिहिण्यापुरतं, पण तक्रार करायला तेवढं पुरतं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसानं फार सभ्यपणे उत्तर दिलं की, आयकॉन दाबून धरून पट्टीच्या बाहेर ओढला की तो निघून जातो, तशीच सोय केली आहे; तुमच्याकडून तो ओढला तर जात नाही ना? मला त्याचा रागच आला. मी लिहिलं, मी ओढत नाही, दाबतो. दाबणं कशाला म्हणतात आणि ओढणं कशाला म्हणतात हे मला कळतं. माझा सगळा जन्म मिलिमीटरच्या भागांत गेला आहे. त्यावर त्यानं 'माफ करा' म्हटलं आणि पुन्हा काही लिहिलं नाही. मला वाटलं, बघा, गप्प बसवला.

आमच्या उद्यमनगरात एक रीत आहे. मशीनवरचा जॉब बिघडायला लागला की कुणी पुस्तक उघडत नाही. आधी मशीनवर तळहात ठेवायचा. बेअरिंग गेलं असेल, पाया हलला असेल, पट्टा खात असेल, तर हाताला थरथर कळते. कुठलाही मिस्त्री आधी हात ठेवणार आणि मग तोंड उघडणार. मी एवढे दिवस हे विसरलोच होतो, कारण कॉम्प्युटर म्हणजे मशीन असं डोक्यात येत नाही. एका दुपारी ते आलं. मी माउस बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर उजवा तळहात टेकला.

थरथर होती! बारीक, पण सारखी.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं होतं. मी पुन्हा पुन्हा हात ठेवून पाहिला. पंख्याचं बेअरिंग गेलंय, त्यानं टेबल हलतंय, टेबलावरचा माउस हलतोय, म्हणून आयकॉन ओढले जातायत. सरळ हिशेब होता. मी कॅबिनेट उघडलं, धूळ काढली, पंखा बदलून आणला. तरी थरथर होतीच. मग लेथच्या पायाखाली घालतात तसला जाड रबराचा तुकडा आणला आणि कॅबिनेटखाली सरकवला. टेबलाच्या एका पायाखाली पाचर मारली. वर लेव्हल ठेवून बुडबुडा मध्यावर आणला. मग पुन्हा हात ठेवला. थरथर होती.

आता मात्र मी हात टेकले. बायकोला हाक मारली.

"जरा हिकडं ये. ह्याच्यावर हात ठेव आणि सांग, कुठनं हलतंय."

ती पदराला हात पुसत आली. तिनं कॅबिनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. तिचा बाप लेथवर काम करायचा, तिला ही रीत ठाऊक होती.

"गप हाय की," ती म्हणाली.

"नीट ठेव. बोटं न्हाय, तळवा ठेव."

"तळवाच ठेवलाय. हलत न्हाय काय."

मी तिचा हात बाजूला केला आणि माझा ठेवला. "ही बघ. ही काय मग?"

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझं मनगट धरून हात कॅबिनेटवरून उचलला आणि हवेत तसाच धरला. खाली मशीन नव्हतं, टेबल नव्हतं. हात हलत होता.

"मशीन न्हाय हलत," ती म्हणाली. "तुमचा हात हलतोय."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती, पण मनगट काही सोडत नव्हती. ओरडून झाल्यावर मी विचारलं, "कवापासनं?"

"बरेच दिवस झालं. मला वाटलं, तुमचं तुम्हास्नी ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. दाढी करताना ब्लेड लागायचं तेव्हा मी ब्लेडला शिव्या द्यायचो. सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत पाठवलं तेव्हा तिथल्या बाईंना शिव्या दिल्या होत्या.

डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, मग एक कोरा कागद दिला आणि त्यावर गोगलगाईच्या शंखासारखा आतून बाहेर जाणारा गोल काढा म्हणाले. मी कागदाकडे नुसता बघत बसलो. नोकरीत असताना मी कंपास न घेता गोल काढायचो आणि पोरं त्यावर कंपास टेकवून बघायची. डॉक्टर म्हणाले, काढा, काका, घाई नाही. मी काढला. त्यांनी तो दुमडून फाइलमध्ये ठेवला आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी थोडं कमी होईल म्हणाले, जाईल असं म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर मी फोरमवरचं ते उत्तर पुन्हा वाचलं. माणूस बरोबर होता. माझ्या हातात दाबणं आणि ओढणं एकच झालं होतं. त्याच पानावर खाली कुणीतरी लिहिलं होतं की डॉकला कुलूप घालता येतं, म्हणजे आयकॉन किती ओढला तरी जागेवरून हलत नाही. ते सेटिंग सापडायला मला फार वेळ लागला नाही. चौकटीत टिचकी मारताना माउस तीनदा भलतीकडेच गेला, मग डाव्या हातानं उजवा दाबून धरला आणि जमवलं. कॅल्क्युलेटर दाबला. उघडला! मेल दाबली. उघडली! हात हलत होता आणि आयकॉन ढिम्म बसून होते. माझ्या जिवात जीव आला. मी बायकोला बोलावून दाखवलं. मनात म्हटलं, हात हलतो तर हलू दे, आपण प्रत्येक गोष्टीला कुलूप घालू आणि काम करू. हाताला फसवून काम करायचं, एवढंच ना!

संध्याकाळपर्यंत मी खुशीत होतो. मग पाठवून दिलेलं शेवटचं ड्रॉइंग काहीतरी बघायचं म्हणून उघडलं, आणि उघडता उघडता माउसवरचा हात काढून घेतला.

आयकॉन पळाला की दिसतो. जागा रिकामी होते, धूर निघतो. पण ड्रॉइंगमधलं एखादं भोक निवडायला मी त्याच्यावर टिचकी मारली आणि त्या टिचकीतच ते केसभर ओढलं गेलं, तर? तिथे धूर निघत नाही. रेघ रेघेसारखीच दिसते, गोल गोलासारखाच दिसतो. आणि फाउंड्रीत त्या गोलाप्रमाणे लाकूड कापलं जातं, लाकडाप्रमाणे लोखंड ओतलं जातं.

ते ड्रॉइंग उसाच्या चरकाच्या बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग बसवायच्या लोखंडी घराचं होतं. चार कोपऱ्यांना बोल्टची चार भोकं. मी एकेकाचं अंतर मोजायला लागलो. तीन बरोबर होती. वरचं उजवीकडचं बरोबर नव्हतं. मी पुन्हा मोजलं. हातावर विश्वास नव्हता म्हणून बायकोला माउस धरायला लावून मोजलं. नव्हतं बरोबर.

मी तसाच फाउंड्रीला फोन लावला. हल्ली तिथं जुन्या मालकांचा मुलगा कारभार बघतो. शाळेत होता तेव्हा सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन रद्दीच्या ड्रॉइंगच्या मागे चित्रं काढायचा.

"मालक, ते हाउसिंगचं पॅटर्न थांबवा," मी म्हणालो. "ड्रॉइंगमध्ये चूक झालीया माझ्याकडनं. एक भोक सरकलंय."

"वरच्या बाजूचं व्हय? उजवीकडलं?" तो म्हणाला. "ते आमी त्याच दिवशी सरळ करून घेतलं की, काका."

"त्याच दिवशी?"

फोनमध्ये मागून ग्राइंडरचा आवाज येत होता. तो कुठल्यातरी खोलीत गेला असावा, आवाज कमी झाला.

"आता तुमीच इचारलं म्हणून सांगतो. राग मानू नका. पावसाळ्याच्या आधीपासनं तुमचं ड्रॉइंग आलं की आमी हितं पुन्हा मापून घेतोय. एखादं भोक, एखादी रेघ हिकडं-तिकडं असतीया. त्यात काय एवढं?"

"मग मला कशाला पाठवता काम?"

तो म्हणाला, "आमच्या वडलांनी सांगून ठेवलंय, काकांचं काम बंद करायचं न्हाय म्हणून."

 एवढ्या दिवसांत मी डॉकवर चिडलो, अपडेटवर चिडलो, बायकोवर चिडलो, त्या परदेशी माणसावरही चिडलो. इथं चिडायला कुणी नव्हतंच. दिवसभर खुर्चीत ताठ बसून मी जे करत होतो ते काम नव्हतं, हे माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे माझ्याशी चांगले वागत होते. मला रडू आलं. फोनवर ते कळू नये म्हणून मी नुसता हुंकार दिला.

"ऐकताय न्हवं, काका? एक पंपाची बॉडी हाय. त्याचं माप धाडतो उद्या. तेवढं करून द्या. सावकाश करा, गडबड न्हाय काय."

"बरं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. "काय म्हणाले?"

"नवीन काम हाय म्हणाले. पंपाच्या बॉडीचं."

"मग बरं झालं की. कवा पायजे त्यास्नी?"

त्या फाउंड्रीत मी उभा जन्म काढला. तिथलं प्रत्येक काम आजच्या आज हवं असायचं. तिलाही ते ठाऊक होतं, कित्येक वर्षं माझा डबा दुपारनंतर तसाच परत यायचा.

"गडबड न्हाय म्हणाले," मी म्हणालो.

ती आत गेली आणि थोड्या वेळानं तिनं नळ सोडल्याचा आवाज आला.