साहेबांचा स्लॅब

आखाती युद्धाच्या हिवाळ्यात जेद्दाच्या अझीझिया भागातलं आमचं बांधकाम जवळजवळ थांबलं. कंपनीनं गॅस-मास्क वाटले. मी माझा चढवून खोलीभर सोंड हलवत नाचायचो. पण खरी भीती होती ती यादीची. निम्मी माणसं घरी पाठवायची होती आणि नावं ठरवणार होते आमचे स्कॉटिश इंजिनिअर. मी शटरिंगचा सुतार. रत्नागिरीजवळ माझ्या घराच्या चिऱ्याच्या भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या डोक्यापर्यंत, येऊन थांबलेल्या. परत गेलो असतो तर त्या तशाच उघड्या राहिल्या असत्या.

एका सकाळी साहेबांनी बोलावलं. समोर यादी, हातात पेन. तिकडे बघायचा धीर होईना, म्हणून मी भिंतीवरचा फोटो बघत राहिलो. भल्यामोठ्या दगडी भिंती, रिकाम्या खिडक्या, वर छप्पर नाही, आत गुडघाभर गवत आणि एक मेंढी.

"तुमचं घर, साहेब?"

"आमच्या घराण्याचं."

मला काय आनंद झाला! गल्फमध्ये राबणाऱ्या आमच्या प्रत्येकाचं गावात असंच एक घर असतं. म्हटलं, साहेबही आपल्यातलाच!

"भिंती मजबूत आहेत," मी मोडक्या इंग्रजीत धीर दिला. "स्लॅब कधी टाकताय? पावसाच्या आधी उरका. चौकटी मी करून देतो."

साहेब बघतच राहिले. मग असे हसले की पेन खाली पडलं.

"माझ्या आजोबांच्या जन्माआधी जळालेला राजवाडा आहे तो. लोक ते अवशेष बघून हळहळतात. पुढचं काम कधी, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं." डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुझं कुठवर आलंय?"

"लिंटल."

त्यांनी पेन उचललं, यादीत एक रेघ मारली आणि म्हणाले, "खलास."

"मी खलास, साहेब?"

"तुझं नाव खलास. यादीतून. यल्ला, कामाला लाग!"

माझ्या खोलीतला राजापूरचा गवंडी महिनाभर छळत होता, "मेल्या, राजवाड्यावर स्लॅब टाकायला निघालास?"

माझ्या घराचा स्लॅब टाकून झाला तो त्याच साहेबांच्या कृपेनं. मी त्यांना घराचा फोटो पाठवला. उत्तरात त्यांनी तो भिंतीवरचा फोटो पाठवून दिला. मागे लिहिलं होतं, "तुझं छप्पर आधी झालं. तू जिंकलास."

तो आता माझ्या ओटीवर लावलाय. पाहुणे विचारतात, हे कुणाचं पडकं घर?

"पडकं नाही हो," मी सांगतो. "माझ्या साहेबांचं आहे. काम चालू आहे."