रिलीव्हर येईपर्यंत

आमच्या भिलाईत आता घरटी एक पोरगं परदेशात आहे. त्यामुळे सेक्टरच्या चहाटपरीवर रोज संध्याकाळी बसणाऱ्या आम्हा रिटायर्ड मंडळींकडे किस्स्यांचा तोटा नाही. कोणी जाऊन आला की आधी चॉकलेटं वाटतो, मग किस्से सांगतो. चॉकलेटं त्याच संध्याकाळी संपतात. किस्से मात्र साचत जातात आणि दर वेळी थोडे फुगतात. मी आणि मेश्राम व्हिएन्नाला गेलो, तेव्हा येताना चॉकलेटं आणायचं विसरलो. आणले ते फक्त धक्के! फुगवायची गरज नाही, जसेच्या तसे सांगतो.

*

आधी मेश्राम कोण ते सांगायला हवं. तो भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये भट्टीवर, मी क्रेनवर. तो भंडाऱ्याकडचा, मी नागपूरकडचा. नोकरीभर शेजारी राहिलो.

प्लांटचा एक नियम होता. तुमची शिफ्ट संपली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे तुमचा रिलीव्हर, येईपर्यंत जागा सोडायची नाही. आम्ही बाकीचे थोडं इकडेतिकडे करायचो. मेश्राम नाही.

त्याच्या लग्नाच्या दिवशी सकाळची शिफ्ट करून तो विहारात येणार होता. पाहुणे आले, भंतेजी आले, नवरी येऊन बसली. नवरदेव गायब! सासरे लालबुंद. शेवटी हा हेल्मेट घालूनच आला. रिलीव्हर उशिरा आला म्हणे.

सासऱ्यांनी विचारलं, "आज तरी कावून थांबले जी?"

हा म्हणाला, "भट्टी सोडून कसा येऊ? लगन काय, घंटाभरानं बी लागते!"

हा किस्सा निघाला की वहिनी आजही म्हणतात, "त्या दिवशी यांचा रिलीव्हर आला तरी. माझा तं आजवर नाही आला!"

*

व्हिएन्नाला जायचं कारण त्याची मुलगी प्रज्ञा. ती तिकडे धातूंवर पीएचडी करते. इकडे शेजारच्या दुर्गचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा रेल्वेत इंजिनियर, घर चांगलं, वहिनींना पसंत. प्रज्ञा मात्र फोनवर म्हणायची, "बाबा, फोनवर नको. तुम्ही या, मग बोलू."

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मग मेश्राम मला म्हणाला, "वानखेडे, तू चाल. मले विमानात एकट्याले जमत नाही."

दुर्गवाल्यांना त्यानं शब्द देऊन टाकला, "पोहोचलो की तिले विचारतो अन् लगेच फोन करतो." साखरपुड्याची साडी वहिनींनी दुर्गच्या बाजारातून घेतली होती. ती त्यानं हातातल्या पिशवीत घातली. ती पिशवी त्यानं मलाही धरू दिली नाही.

मला मनातून भीती वाटत होती. ज्या मुलीला हो म्हणायचं असतं, ती बापाला एवढ्या लांब बोलावत नाही.

*

पहिला धक्का दिल्लीत. मेश्राम सिक्युरिटीच्या चौकटीतून गेला आणि मशीन बोंबलायला लागली. बेल्ट काढला, तरी बोंब. घड्याळ काढलं, तरी बोंब. मी खाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गडी सेफ्टी शूज घालून आला होता! पुढे पोलादी टोपी असलेले, प्लांटचे, रिटायर होताना मिळालेले.

"हे कावून घातले बे?"

"इतका लंबा प्रवास! यापेक्षा मजबूत बूट माझ्याजवळ कोणता आहे?"

तिथल्या जवानानं बूट उलटेपालटे करून पाहिले. "अंकल, इसमें लोहा क्यों है?"

मेश्रामची छाती फुगली. "बेटा, लोहा तो हमने ही बनाया है!"

जवान त्याच्याकडे बघतच राहिला. मागची सगळी लाइन माझ्याकडे बघत राहिली, जसं काही ते बूट मीच बनवले होते.

*

विमानात बसताना मी जेट लॅगचा विषय काढला. तो हसला. "शिफ्टवाल्याले काय होते जेट लॅग? जिंदगीभर उलटंपालटं झोपलो आपण."

मग विमान उडालं, दिवे मंद झाले, सगळे पांघरुणं घेऊन गुडूप. मेश्राम उठला आणि हात मागे बांधून राउंडवर निघाला. पुढे जातो, मागे येतो, खिडक्या बघतो, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकतो. हवाईसुंदरीनं अदबीनं सांगितलं, "सर, प्लीज बसा." हा मला म्हणतो, "सगळेच झोपले बे! कोणी तं जागं पाहिजे ना?"

मधे एका वाळवंटातल्या विमानतळावर विमान बदललं. तिथे तासन्‌तास लोखंडी खुर्चीवर बसून माझी पाठ गेली. पुन्हा विमान. पुन्हा राउंड. उतरेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि मेश्रामचे पाय त्या बुटांत सुजून भाकरीसारखे झाले होते. शिफ्टवाल्याला जेट लॅग होत नाही म्हणे!

*

व्हिएन्नात पासपोर्ट बघणारा अधिकारी गोरापान, गंभीर. मी मागेच उभा होतो.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

मेश्राम ठामपणे म्हणाला, "मॅरेज."

अधिकाऱ्यानं त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "युवर मॅरेज?"

"नो, नो! डॉटर!"

अधिकारी पहिल्यांदा हसला. "काँग्रॅच्युलेशन्स! व्हेन?"

"आय डोन्ट नो," मेश्राम म्हणाला. "शी ऑल्सो डोन्ट नो!"

शिक्का मारताना त्या माणसाचा हात थबकला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता दोघांनाही परत पाठवतो.

*

बाहेर आलो आणि मी हादरलोच. एवढा मोठा विमानतळ आणि आवाज नाही! कोणी ओरडत नाही, कोणी हातातली बॅग ओढत नाही. दुर्ग स्टेशनवर गाडी लागली की ऑटोवाले निम्मं सामान स्वतःच उचलून नेतात. इथे चाकांचाही आवाज होत नव्हता.

मेश्राम कुजबुजला, "कोणी मेलं का बे इथं?"

प्रज्ञा कुठेच दिसेना. आम्ही निघताना तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, बाहेर खांबाजवळ उभे राहा. मी येईपर्यंत हलू नका. कोणी काहीही म्हणो." तो खांब होता. खांबाजवळ एक ताडमाड गोरा पोरगा होता. त्याच्या हातात पाटी होती आणि पाटीवर मराठीत "मेश्राम"!

"टॅक्सीवाला आहे," मेश्राम म्हणाला. "नो टॅक्सी!"

पोरानं पाटी खाली केली, हात जोडले आणि अडखळत म्हणाला, "जय भीम, बाबा."

"जय भीम," मेश्रामच्या तोंडून आपसूक निघालं. मग तो माझ्याकडे वळला. "टॅक्सीवाल्याले हे कोणं शिकवलं?"

मला त्या पोराच्या गळ्यातला मफलर दिसला होता. विटकरी रंगाचा, कडेला पांढरी नक्षी. वहिनींनी आमच्याच अंगणात बसून विणलेला, प्रज्ञासाठी.

हळूच बघितलं, तर मेश्रामही तिकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. साडीची पिशवी त्यानं छातीशी धरली.

*

पोरगा तोडक्या इंग्रजीत म्हणाला, नाव लुकास, प्रज्ञा लॅबमध्ये अडकली आहे, चला, घरी नेतो. मेश्रामनं मान हलवली. "पोरगी म्हणाली, हलू नका."

पोरानं फोन लावला. तिकडून कोणी उचलेना. त्यानं बाकाकडे बोट दाखवलं, बसा. मेश्राम बसला नाही. मी मात्र बसलो, लाज सोडून. आता पोरगाही बसेल असं मला वाटलं. तोही बसला नाही.

मग जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. खांबाच्या अलीकडे सुजलेल्या पायांवर मेश्राम. पलीकडे तो ताडमाड पोरगा, हातात पाटी. दोघं समोरासमोर, एक शब्द नाही. येणारेजाणारे वळून बघत होते. मी कॉफी पिऊन आलो, मुतून आलो, बसल्या बसल्या डुलक्या काढल्या. डोळे उघडावेत तर दोघं तसेच! वाटलं, आता इथेच भांडण लागणार, परदेशात, आणि मला जर्मन येत नाही.

एकदा मी मेश्रामला म्हटलं, "बस ना बे, पाय फुटतील."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो त्या पोराचे पाय बघत होता.

*

प्रज्ञा धावतच आली. अंगावर लॅबचा कोट, श्वास लागलेला. बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, सॉरी! लॅबच्या भट्टीत धातूचा नमुना तापत होता. माझ्यानंतर जिची ड्यूटी होती ते आलीच नाही. भट्टी सोडून कशी येऊ?"

मेश्रामनं रागवायला तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.

मग तिनं त्या पोराकडे पाहिलं आणि तिचा आवाज फुटला. "हा लुकास. बाबा, मले दुर्गले हो म्हणता येत नाही. फोनवर सांगाची हिंमतच नाही झाली." ती रडायला लागली. लुकासला शब्द कळले नसतील, पण तो पांढराफटक पडला. मी उठून उभा राहिलो. काय करणार होतो, देव जाणे.

मेश्राम तिला म्हणाला, "याले विचार. इतक्या वेळचा बसला कावून नाही?"

तिनं डोळे पुसत जर्मनमध्ये विचारलं. त्यानं दोन-चार शब्दांत उत्तर दिलं.

"तो म्हणते, मी त्याले सांगितलं होतं, मी येईपर्यंत त्यायले सोडून हलू नको. म्हणून."

मेश्रामनं मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे पाहिलं. मग छातीशी धरलेली पिशवी तिच्या हातात दिली. "धर. तुझ्या मायनं देली."

आणि माझ्याकडे वळला. "वानखेडे, दुर्गले फोन लाव."

"काय सांगू?"

"सांग, माझा रिलीव्हर आला."

आणि तो बाकावर बसून बुटांच्या लेस सोडायला लागला.