बसवनगुडीच्या माडीवरची इंग्रजी कविता

कपाट आवरायला घेतलं की जुने ब्लाउजपीस निघतात, तसे हे किस्से. एक ओढला की चार खाली पडतात!

साठ सालाच्या आसपास बंगळूरला बसवनगुडीत आमच्या माडीवर दर शनिवारी दुपारी इंग्रजी कवितांचं वाचन चालायचं. वाचणारे शेजारचे सर, कॉलेजातून रिटायर झालेले. आधी इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे. ऐकणाऱ्या आम्ही सहा बायका. माझं शिक्षण मराठी चौथी. पण हट्ट एकच: यातली एक तरी कविता सरांनी न सांगता मला कळली पाहिजे.

*

पहिल्याच दिवशी आमच्यातल्या इंदिराक्कानं सरांच्या पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. वर शेवंतीचं फूल.

"अहो अक्का, ही पोथी नव्हे!"

"गप्प बसून ऐकायचं, शेवटी डोळे पुसायचे. पोथी नाही तर काय?"

सर चिडले खरे, पण प्रसादाचे फुटाणे दोनदा मागून घेतले!

*

एक कवी दिवसभर डोंगरात हिंडतो, ढग बघतो, संध्याकाळी घरी येऊन लिहितो. सांगताना सर अगदी विरघळले होते.

मी विचारलं, "आल्यावर गरम जेवण कोण वाढायचं?"

"असेल घरात कोणी बाई."

"मग पुढच्या शनिवारी तिची कविता वाचा!"

 

*

"आधी समजून घेऊ नका, कवितेत शिरा," असं सरांचं म्हणणं. म्हणून आम्हाला लालबागेतल्या खडकावर नेलं. कोवळं ऊन, वारा. "डोळे मिटा," म्हणाले आणि हळू आवाजात वाचू लागले.

इंदिराक्का घोरायला लागली! मी कोपर मारणार, तर सरांनी हातानं थांबवलं आणि आणखी हळू वाचू लागले.

जागी झाल्यावर ती म्हणाली, "आजची सगळ्यात चांगली होती, सर."

"आत शिरलेल्या तुम्ही एकट्याच, अक्का!"

*

मग सर कायमचे मुलाकडे बेळगावला निघाले. शेवटच्या शनिवारी एक कविता वाचली. विषय धुकं, एवढंच बोलले. मराठीत सांगायला साफ नकार! "आता तुमचं तुम्ही." मला एक अक्षर कळलं नाही. इतका राग आला, की त्यांना जिन्यापर्यंत पोचवायलासुद्धा गेले नाही मी.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी शेगडीवर दूध ठेवून परसदारी गेले. विहीर नाही, तुळस नाही, शेजारची भिंत नाही. नुसता शेवग्याच्या शेंड्यावर उजेड. मी पायरीवर बसले.

आतून हे ओरडले, "अगं, दूध उतू चाललं!"

"जाऊ द्या."

वीस वर्षांच्या संसारात असलं काही त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. घाबरून बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, मग समोर.

"काय आहे तिथं?"

"काही नाही."

"मग स्वल्प सरक," कानडी ढंगात म्हणाले, आणि शेजारी बसले.