पडद्यावरचा ऊस

नव्वदच्या दशकात बारामती तालुक्यातल्या आमच्या शाळेत एकच संगणक आला आणि लगेच दोन दावेदार उभे राहिले. मुख्याध्यापकांना तो कार्यालयात हवा होता, पगारबिलं करायला. मला हवा होता वर्गात. मी विज्ञान शिकवायचे आणि भांडायला मला निमित्तच लागायचं.

इंदापूर माझं माहेर. सुट्टीत तिथल्या संगणकाच्या क्लासला जाऊन मी एक खेळ तयार केला होता. पडद्यावर उसाचं रान, हिरव्या चौकोनांचं. पाटाच्या पाण्याची पाळी आली की संगणक विचारायचा, पाणी घ्यायचं का? रान ओलं असताना घेतलं की एकेक चौकोन पांढरा पडायचा, म्हणजे जमिनीला मीठ फुटलं. पोरं दर वेळी ‘हो’ दाबायची.

“अरे, रान ओलं आहे ना?” मी ओरडायचे.

“बाई, आलेली पाळी कुणी सोडतं व्हय?”

घरोघरी हेच ऐकून वाढलेली ती. रान पांढरं पडलं की हळहळायची आणि पुढच्या डावात पुन्हा ‘हो’! मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

शेवटी संगणक कुठे ठेवायचा याचा निकाल द्यायला शाळा समितीचे तात्या मुख्याध्यापकांसोबत वर्गात आले. मोठे बागायतदार, गावात ते म्हणतील ती पूर्व दिशा.

“पोरं घरी काय कमी खेळत्यात? मशीन हापिसात न्या,” ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “तात्या, आधी एक डाव खेळा, मग खुशाल न्या.”

मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. पण तात्या बसले. एका बोटानं ‘हो’, ‘हो’ दाबत राहिले. एकही पाळी सोडली नाही. बघता बघता सगळं रान पांढरं.

“खोटं हाय हे! पाण्यानं कुठं रान मरतं?”

त्यांची नात पहिल्याच बाकावर होती. ती उभी राहिली. “तात्या, आपली वढ्याकडची पट्टी अशीच झालीया की.”

गेला आपला संगणक, मी मनात म्हटलं. तात्यांनी पडद्यावरच्या एका पांढऱ्या चौकोनावर बोट टेकवलं. मग हळूच विचारलं, “परत पयल्यापास्नं कसं करायचं?”

मी बटण दाखवलं. रान पुन्हा हिरवं झालं. या खेपेला रान ओलं दिसलं तेव्हा त्यांचं बोट थबकलं, आणि त्यांनी ‘नाही’ दाबलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. ऊस चांगला उभा राहिला.

“मशीन हितंच ऱ्हाऊ द्या,” तात्या मुख्याध्यापकांना म्हणाले. मला नाचावंसं वाटलं.

दारापर्यंत गेलेले तात्या मागे वळले.

“आमच्या पट्टीला पयल्यापास्नं करायचं बटण न्हाय, बाई. माझ्या बापानं पयला ऊस तितंच लावला हुता.”